नव्वद माणसांची मैफल आणि पंधरा इंची स्पीकर

साउंडच्या कामात दोन वर्षं काढल्यावर मी एकट्यानं पहिलं काम घेतलं ते भावगीतांच्या मैफलीचं. सोसायटीचा हॉल, खाली गुळगुळीत फरशी, दोन बाजूंना काचा, नव्वदेक माणसं. गायिका, हार्मोनियम, तबला. मी दोन पंधरा इंची टॉप (गाणं वाजवणारे मुख्य स्पीकर) आणि एक अठरा इंची बेस (फक्त खर्ज, म्हणजे खालचे जाड आवाज काढणारा डबा) टेम्पोत चढवला. मोठं नेलं की कमी पडणार नाही, एवढाच हिशेब. दुसऱ्या गाण्यानंतर कडेच्या खुर्चीवरच्या एक आजी उठून आल्या. "बाळा, आवाज भरपूर येतोय, पण शब्द कळत नाहीत रे." भावगीतात शब्दच पोचले नाहीत तर उरलं काय?

असं का झालं, ते नव्यानं या कामात येणाऱ्यानं नीट समजून घ्यावं. पंधरा इंच ही स्पीकरच्या थरथरणाऱ्या पडद्याची रुंदी, म्हणजे ३८ सेंटीमीटर. २००० हर्ट्झच्या आवाजाची लहर साधारण १७ सेंटीमीटरची असते. लहर पडद्याच्या रुंदीपेक्षा लहान झाली की आवाज चहूकडे पसरत नाही, टॉर्चच्या झोतासारखा समोर जातो. शब्द उमटवणारी व्यंजनं त्याच पट्ट्यात आणि त्याच्या वर असतात. उंच आवाज डब्यातल्या छोट्या भोंग्याकडे, म्हणजे हॉर्नकडे जातात हे खरं, पण साध्या पंधरा इंचीत ती जबाबदारी हॉर्नकडे उशिरा जाते, तोवर मोठा पडदाच गात राहतो. कडेला बसलेल्यांना मग नुसती घुमारी मिळते. वर अठरा इंचीतून निघालेला खर्ज सगळीकडे पसरून काचांवरून, फरशीवरून परत येत होता आणि डग्ग्याच्या माइकमध्ये शिरत होता. आठ आणि दहा इंचीत हा झोताचा त्रास कमी. बारा इंची मधला. भावगीत, नाट्यगीत, गझल यांना मी आज डोळे मिटून दहा किंवा बारा घेतो.

वॅटच्या आकड्यानं भुलू नका. डब्यावर १००० वॅट लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा क्षणभराच्या उसळीचं. वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो. त्यापेक्षा सेन्सिटिव्हिटी पाहा. समजा ती ९७ डेसिबल आहे, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर तेवढा आवाज. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात, म्हणून १६ मीटरवर २४ गेले. १०० वॅट दिले की २० मिळाले. शेवटच्या रांगेत ९३ डेसिबल! मैफलीला ८० ते ८५ पुरतात. वरची जागा तबल्याच्या थापेसाठी राहते. बंद हॉलमध्ये भिंतींचा परतावा मिळतो, त्यामुळे तोटा याहून कमी.

ढोलकी, पखवाज किंवा ट्रॅकवरचं गाणं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे खर्जाला पडदा मोठा हवाच. पण तेव्हाही मी बारा इंची टॉपखाली वेगळा बेस जोडतो आणि गाण्याचे माइक बेसमध्ये जाऊ देत नाही. सोसायटीच्या अंगणात मात्र बेस आणताना शेजारच्या इमारतीचा विचार करा. खर्ज भिंती जुमानत नाही, आणि रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकरला कायद्यानं मनाई आहे.

स्टँडवर पैसे घाला. लोक सतरंजीवर असोत की खुर्चीवर, हॉर्न त्यांच्या डोक्यांच्या वर असायला हवा, नाहीतर पहिल्या दोन रांगा सगळे शब्द पिऊन टाकतात. स्पीकर गायकाच्या पुढे ठेवा, मागे ठेवलात तर त्याचा आवाज माइकमध्ये शिरून शिट्टी येणारच. आणि मोठे डबे न घेता वाचलेल्या पैशातून गायकाला एक चांगला मॉनिटर, म्हणजे त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर द्या. स्वतःचा सूर ऐकू आला नाही की गायक जोर लावतो, नि मग मिक्सरवर कितीही हात फिरवा, गाणं सुटं होत नाही.

आता साउंड चेकला मी मिक्सर सोडून कडेच्या शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसतो आणि गायिकेला एक कडवं म्हणायला सांगतो. रिकाम्या हॉलमध्ये तिथे प्रत्येक शब्द ओळखू आला, तर माणसं भरल्यावर घुमारी आणखी कमी होते. नाही आला, तर आवाज वाढवत नाही. आधी स्पीकर थोडा त्या खुर्चीकडे वळवतो.