पाकिटावरील तारीख कशी वाचावी

'बेस्ट बिफोर' ही तारीख पदार्थाच्या दर्जाविषयी असते. ती उलटून गेल्यावर बिस्किटांचा कुरकुरीतपणा किंवा मसाल्याचा वास कमी होईल, पण पाकीट बंद आणि कोरड्या जागी असेल, तर ते लगेच फेकून देण्याचे कारण नाही. 'यूज बाय' ही तारीख मात्र सुरक्षिततेची असून ताजे मांस, मासे यांसारख्या नाशवंत पदार्थांच्या बाबतीत ती काटेकोरपणे पाळावी, कारण लिस्टेरियासारखे जिवाणू फ्रिजमध्येही वाढतात आणि त्यांचा वास येत नाही. 'वास घेऊन बघा' हा घरोघरचा सल्ला म्हणूनच अपुरा ठरतो.

कोणतीही तारीख न उघडलेल्या आणि सांगितलेल्या तापमानात ठेवलेल्या पाकिटापुरतीच खरी असते. झाकण उघडले, की 'उघडल्यावर इतक्या दिवसांत संपवा' ही बारीक अक्षरातली सूचना लागू होते, त्यामुळे उघडल्याची तारीख बाटलीवर लिहून ठेवावी. फुगलेला डबा तारखेच्या आतला असला तरी चवसुद्धा न पाहता टाकून द्यावा. शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे. बराच वेळ बाहेर राहिलेल्या अन्नात तयार झालेली काही विषद्रव्ये पुन्हा उकळूनही नष्ट होत नाहीत.