जन्मजात व्यंगांचे आकडे वाचताना या चुका टाळा

सांगली-साताऱ्यात जन्मजात व्यंगं वाढली, असं कुणी आलेख दाखवून म्हणालं, तर बाळाची आई राहते कुठं ते आधी विचारा. मिरजेच्या दवाखान्यांत कर्नाटकातूनही अवघड बाळंतपणं येतात. पहिलटकरीण माहेरी येते. उसाच्या हंगामात बीडकडच्या टोळ्या असतात. दवाखान्यातल्या व्यंगांना जिल्ह्याच्या जन्मांनी भागलं की दर फुगतो. म्हणून नोंद आईच्या राहत्या गावावर करा. जिवंत आणि मृत दोन्ही जन्म धरून दर १०,००० जन्मांमागे मांडा.

सगळ्यात जास्त घोळ वर्षाचा होतो. हृदयाला छिद्र असलेलं मूल तिसऱ्या वर्षी अंगणवाडीच्या तपासणीत सापडलं, तरी ते जन्मवर्षातच मोजायचं. त्यामुळे अलीकडची दोन-तीन वर्षं नेहमी कमी दिसतात. त्यावरून ‘घट झाली’ लिहू नका. उलट २०१३ मध्ये मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, पुढे इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि रक्तातला ऑक्सिजन मोजणारे पल्स ऑक्सिमीटर जवळ आले. हृदयदोषांची रेषा चढली, तर दुभंगलेल्या ओठाची रेषा शेजारी ठेवून बघा. तो जन्मतःच दिसतो. ती रेषा सपाट असेल, तर बहुधा तपासणी वाढली आहे. व्याख्याही बदलू नका: ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाची उघडी राहिलेली डक्टस (हृदयाजवळची, जन्मानंतर मिटणारी रक्तवाहिनी) एका वर्षी मोजून पुढच्या वर्षी सोडली, तर तुलनाच मोडते.

सोनोग्राफीत कवटी न बनलेला गर्भ दिसून गर्भपात झाला, तर तो जन्मनोंदीत येत नाही. त्यासाठी वेगळा रकाना ठेवा, नाहीतर खोटी घट दिसेल.

तालुक्याचे आकडे लहान असतात. सरासरी ४ असेल, तर एका वर्षी १ आणि दुसऱ्या वर्षी ८ हे निव्वळ योगायोगानेही होतं. ‘दुप्पट’ म्हणण्याआधी पाच-पाच वर्षं एकत्र करा.

फॉलिक ॲसिड वाटूनही मणक्याचे दोष घटत नसतील, तर गोळी कधी सुरू झाली ते तपासा. मज्जानलिका (जिच्यातून गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू बनतो) गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. गरोदरपणाची नावनोंदणी बहुधा त्यानंतर होते. रोज ४०० मायक्रोग्रॅम गर्भ राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून हवं. आधीचं बाळ अशा दोषाचं असेल, तर मात्रा डॉक्टरांकडून वाढवून घ्यावी लागते. आणि ग्रहणात विळी धरली म्हणून ओठ फाटला, असं त्या आईला कुणी ऐकवत असेल, तर तिथंच थांबवा. ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही.