जनरेटर धडधडतोय, पण बल्ब पेटेना

पुण्याजवळच्या धायरीत वीज गेली की आमचा छोटा पेट्रोल जनरेटर हाताशी. यंदा तो सुरू व्हायचा, पण वीजच देईना. गॅरेजवाल्याने इंजिनाला पेट्रोल-हवेचं मिश्रण देणारा कार्बोरेटर साफ करून ८०० रुपये घेतले. अहो, इंजिन मस्त चालतंय, तर कार्बोरेटरचा काय संबंध!

मग परवाना असलेले वायरमनकाका शोधले. त्यांनी मल्टिमीटर लावला: २३० व्होल्टऐवजी जेमतेम ४. झाकण काढलं तर वीज तयार व्हायला लागणारा कपॅसिटर टम्म फुगलेला. आधी त्याचा चार्ज उतरवला, मग तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, म्हणजे तेवढ्याच क्षमतेचा, नवा बसवला. झालं काम.

जनरेटरची वीज घराच्या सॉकेटमध्ये द्यायला मी दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर वापरायचो. निघताना त्यांची नजर तिच्यावर गेली. “साहेब, मेन स्विच पाडायला विसरलात तर करंट उलटा लाइनीवर जाईल. खांबावरचा लाइनमन मरेल.”

दुसऱ्याच दिवशी चेंजओव्हर स्विच बसवून घेतला; तो घराला एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडतो. ती वायर काकांनी माझ्यासमोरच कापली.