वॉशिंग मशीनवर दाराचा एरर सारखा येतोय? आधी कनेक्टर बघा

फ्रंट लोड मशीनवर दाराचा एरर कधी येतो कधी जातो असं होत असेल तर लगेच पीसीबी (मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) बदलायला हो म्हणू नका, बोर्ड महाग पडतो आणि बऱ्याचदा दोष दाराच्या लॉकपाशीच असतो. वॉरंटी संपली असेल तरच उघडा. आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही हं! मग गॅस्केटची (दाराच्या तोंडाभोवतीच्या रबराची) बाहेरची तार काढून रबर बाजूला करा, लॉकचे स्क्रू काढा आणि मागचा कनेक्टर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, बघा, पिनवर हिरवट-पांढरी पूड दिसली की समजा गंज लागलाय, कोकणातल्या दमट हवेत तर जास्तच. कॉन्टॅक्ट क्लीनर (इलेक्ट्रिक जोड साफ करायचा स्प्रे) मारा, पूर्ण वाळू द्या, टक् आवाज येईपर्यंत कनेक्टर दाबून बसवा. स्पिनच्या हादऱ्यांनी वायर कुठे घासलीय का तेही तेव्हाच बघून घ्या.