बॉयलरच्या जाळीवर खंगर धरतोय? चिनी माती टाकून बघा

काजूच्या शेडमधे बॉयलरला सोडणं (नारळाची) आणि भाताचं तूस मिसळून जाळताय ना, मग दोन-तीन तासांत जाळीवर काचेसारखा चिकट खंगर, म्हणजे वितळून घट्ट झालेली राख, बसतो, हवा कोंडते, धूर काळा होतो आणि पहारीने फोडत बसावं लागतं.

दोष एकट्या सोडणाचा नाही. सोडणात पोटॅशियम आणि क्लोरीन भरपूर, तुसाच्या राखेत 90 टक्क्यांच्या आसपास सिलिका. तूस एकटं जाळलं तर राख सहसा भुसभुशीत राहते, पण दोन्ही एकत्र आले की पोटॅशियम सिलिकेट होतं आणि ते 750-800 अंशालाच मऊ पडायला लागतं, आग त्याहून गरम असते.

चिनी मातीत (केओलिन, पांढरी माती) ॲल्युमिनियम असतं, ती पोटॅशियमला आधीच धरून ठेवते आणि जे तयार होतं ते 1500 अंशाच्या वर वितळतं, म्हणून राख कोरडी राहते. बॉयलरच्या नळ्यांवरचा क्षारांचा थरही कमी होतो.

हिशोब असा, 1 किलो पोटॅशियम धरायला साधारण 3.3 किलो शुद्ध चिनी माती लागते. आपण 100 किलो जळणाला 2 किलोने सुरुवात करा, फरक दिसला नाही तर 3 करा, त्यापुढे उगाच राख वाढते कारण माती स्वतः जळत नाही. पूड एकदम बारीक हवी. ढिगावर पाण्याचा अगदी हलका शिडकावा देऊन थराथराने पसरा आणि फावड्याने उलथापालथ करा, नाहीतर ब्लोअर सगळी पूड चिमणीतून घालवतो. ब्रिकेट (जळण दाबून केलेल्या कांड्या) करत असाल तर प्रेसच्या आधीच मिसळा. नाकाला मास्क पाहिजेच, ही धूळ फुफ्फुसाला वाईट.

पहिल्या दिवशी माती न घालता जाळा आणि किती वेळा फोडावं लागलं ते लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी तेच जळण मातीसकट. नाहीतर फरक नुसता वाटण्यावर राहतो.

किनाऱ्यावरची वाळू मात्र कधीच टाकू नका, मी टाकून बघितली होती, सिलिका आणि मीठ दोन्ही वाढलं आणि खंगर दुप्पट घट्ट झाला. शिंपल्यांची पूड चालते, कॅल्शियममुळे राख कमी चिकटते, पण ती पोटॅशियम धरत नाही.

आणि फुकटचा उपाय, सोडणं परतीच्या पावसात उघड्यावर भिजू द्या, पोटॅशियम आणि क्लोरीन बरंचसं धुऊन जातं, मग ऑक्टोबरच्या उन्हात कडकडीत वाळवा. ओलं जळण असेल तर माती कितीही टाका, धूर तसाच राहणार.