कोकणच्या रस्त्यांवर स्पोर्ट्‌स कारचा मोड कसा निवडावा

स्पोर्ट्‌स कारमधील मोडचे बटण दिसायला एकच असले, तरी ते फिरवताच गाडीतील पाच-सहा यंत्रणा एकाच वेळी आपले वागणे बदलतात. ते कम्फर्टवरून स्पोर्टवर नेले की, ॲक्सिलरेटर तेवढाच दाबला तरी इंजिन अधिक झटपट उचल घेते, स्वयंचलित गिअरबॉक्स खालचा गिअर जास्त वेळ धरून ठेवतो, स्टीअरिंग जड होते, डॅम्पर, म्हणजे चाकांचे उसळणे आवरणारे शॉक ॲब्सॉर्बर, कडक होतात, एक्झॉस्टमधील झडप उघडून आवाज वाढतो आणि काही गाड्यांत घसरणीतून सावरणारी स्थैर्य-यंत्रणा थोडी उशिरा जागी होते. कम्फर्ट असो वा स्पोर्ट, इंजिनाची कमाल ताकद मात्र बहुतेक गाड्यांत तेवढीच राहते. कोकणातल्या रस्त्याला यांपैकी एखादी गोष्ट हवी असते, दुसरी अजिबात नको असते आणि कंपनीने बांधून दिलेल्या मोळीत नेमक्या त्या दोन्ही एकत्र येतात. ही मोळी सोडून आपल्या रस्त्यांसाठी पुन्हा कशी बांधावी, ते येथे सांगत आहे.

सुरुवात डॅम्परपासून करावी, कारण माझ्या मते सर्वांत मोठी चूक येथेच होते. डॅम्पर कडक केले की पकड वाढते, ही समजूत रेसट्रॅकच्या गुळगुळीत डांबरावर बऱ्याच अंशी खरी आहे. आपला सागरी मार्ग तसा नाही. दापोलीहून गुहागरकडे जा किंवा मालवणहून वेंगुर्ल्याकडे, जांभ्याच्या सड्यावरचा सरळ तुकडा संपतो न संपतो तोच रस्ता खाडीकडे उतरू लागतो, मोरीपाशी तो खचलेला असतो, वळणावर ठिगळे लावलेली असतात आणि साइडपट्टी पावसाने वाहून गेल्यामुळे डांबराची कड उघडी पडलेली असते. अशा ठिकाणी डॅम्पर कडक असले, तर चाक उंचवट्यावरून उडते आणि ते पुन्हा रस्त्याला नीट टेकेपर्यंत त्या टायरकडून ना ब्रेकचे काम होते ना वळण्याचे. मऊ डॅम्पर चाकाला रस्त्याच्या उंचसखलपणाबरोबर खालीवर होऊ देतात. म्हणून खराब रस्त्यावर अधिक पकड मऊ डॅम्परच देतात, आणि कमी उंचीच्या टायरांवर धावणाऱ्या गाडीचे अलॉय रिमही त्यामुळे वाचतात. फेरारीच्या गाड्यांतसुद्धा इंजिन रेस मोडमध्ये ठेवून डॅम्पर तेवढे मऊ करण्याची सोय दिलेली असते आणि तिला ‘बम्पी रोड’ असेच नाव आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पूर्ण झालेल्या चौपदरी काँक्रीटवर गाडी उसळल्यासारखी वाटली, तर डॅम्पर एक पायरी कडक करण्यास हरकत नाही. तेथून उतरून गावाच्या रस्त्याला लागताना ते पुन्हा मऊ करावेत.

आपल्या गाडीचे डॅम्पर मोडनुसार बदलतात की नाही, हे आधी माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे. ते बदलत नसतील, तर स्पोर्ट मोडचा हा तोटा आपल्याला लागूच होत नाही. बदलत असतील, तर इंडिव्हिज्युअल नावाचा मोड शोधावा. त्यात प्रत्येक यंत्रणा स्वतंत्रपणे ठरवता येते. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांत स्टीअरिंगवरील एम१ आणि एम२ या दोन बटणांवर दोन वेगवेगळ्या जुळण्या साठवून ठेवता येतात; त्यांतील एक घाटासाठी आणि दुसरी पावसासाठी राखून ठेवणे मला सर्वांत सोयीचे वाटते. ही जुळणी गाडी अंगणात उभी असताना, शांतपणे करावी. आरे-वारेच्या वळणावर स्क्रीनवर बोट फिरवत बसण्याची ती गोष्ट नव्हे. इंडिव्हिज्युअलची सोय नसेल, तर कम्फर्ट मोड ठेवून गिअर मात्र स्टीअरिंगमागील पॅडलने स्वतः बदलावेत. स्पोर्ट मोडचा घाटातला बहुतेक लाभ एवढ्यानेच मिळतो.

वाडीतून, बाजारपेठेतून किंवा शाळा सुटण्याच्या वेळी तिठ्यावरून जाताना कम्फर्टच ठेवावा. स्पोर्ट मोडमध्ये पायाच्या किंचित दाबानेही गाडी पुढे झेपावते आणि अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली असता हातभर मागे-पुढे करताना तेच नडते. आवाजाचाही विचार अवश्य करावा. पहाटे सुटलेल्या गाडीचा उघडा एक्झॉस्ट घरांच्या दाटीत किती लांबवर ऐकू जातो, हे आत बसलेल्या माणसाला कळत नाही. माझ्या जुळणीत इंजिन कोणत्याही मोडमध्ये असले तरी एक्झॉस्ट शांतच ठेवलेला आहे.

घाटाचे गणित मात्र वेगळे आहे, आणि त्यातही चढ व उतार यांचे नियम निराळे आहेत. कुंभार्ली, आंबा किंवा आंबोली चढताना कम्फर्ट मोडमधील गिअरबॉक्स इंधन वाचवण्यासाठी लवकर वरचा गिअर टाकतो. वळणातून बाहेर पडताना ताकद कमी पडते, मग तो दोन गिअर खाली येतो आणि नेमक्या वळणाच्या मध्यावर गाडीला हिसका बसतो. येथे इंजिन आणि गिअरबॉक्स स्पोर्टवर घ्यावेत, स्टीअरिंग व डॅम्पर कम्फर्टवरच राहू द्यावेत. स्टीअरिंग जड झाल्याने रस्त्याची जाण वाढते असे अनेकांना वाटते. पण बहुतेक गाड्यांत मोटरचे साहाय्य कमी झाल्याने हाताला जास्त जोर लावावा लागतो एवढेच, आणि पाठोपाठ येणाऱ्या वळणांत हलके स्टीअरिंग बरे पडते.

उतारावर खरा धोका इको मोडचा असतो. अनेक गाड्यांत इको मोडमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गिअरबॉक्स इंजिनापासून सुटतो आणि गाडी मोकळी धावू लागते. सपाट रस्त्यावर याने इंधन वाचते, परंतु घाट उतरताना इंजिनाचा ब्रेक पूर्णपणे नाहीसा होतो, सगळा भार ब्रेकच्या डिस्कवर येतो आणि त्या तापत गेल्या की ब्रेक पॅडची पकड ढिली पडू लागते. म्हणून उतारावर इको कधीही ठेवू नये. स्पोर्टवर किंवा मॅन्युअलवर येऊन दुसरा वा तिसरा गिअर धरावा. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरू नये. वळणाआधी सरळ रस्त्यावर एकदा नीट दाबून वेग कमी करावा आणि वळणात ब्रेक मोकळा ठेवावा.

गणपतीच्या दिवसांत घाटात वाहनांची रांग लागते, तेव्हा ड्युएल-क्लच, म्हणजे दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स असलेल्यांनी विशेष जपावे. चढावर ॲक्सिलरेटरच्या हलक्या दाबाने गाडी जागेवर रोखून धरली, तर क्लच घसरत राहतो आणि तापतो. असे मोड कोणताही असला तरी करू नये. ब्रेक लावून थांबावे, पुढे गाडीभर जागा होऊ द्यावी आणि मग एकदाच पुढे जावे. मोड अर्थातच कम्फर्ट.

आता पावसाकडे येतो. काही वर्षांपूर्वी मृगाच्या पहिल्या सरीत, ताशी जेमतेम ४० किलोमीटरच्या वेगाने, एका उतरत्या वळणावर माझ्या गाडीची मागची बाजू बाहेर सरकली. गाडी स्पोर्टवर होती आणि वळण संपत आले म्हणून मी ॲक्सिलरेटर नेहमीइतकाच दाबला होता. स्थैर्य-यंत्रणेने सावरले म्हणून गाडी गटारात गेली नाही. महिनोन्‌महिने साचलेली धूळ, वाहनांचे तेल आणि कडेच्या दरडीवरून उतरलेली तांबडी माती यांचा पहिल्या पावसात जो चिखल होतो, तो भर पावसाळ्यातल्या धुतलेल्या रस्त्यापेक्षा अधिक निसरडा असतो. पुढे श्रावणात झाडांच्या सावलीतल्या वळणांवर शेवाळ धरते. जून ते सप्टेंबर या काळात म्हणूनच वेट मोड हाच आपला नेहमीचा मोड मानावा. मस्टँगसारख्या गाडीत तो बर्फ आणि पाऊस या दोन्हींसाठी मिळून दिलेला आहे. त्यात ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद सौम्य होतो आणि मागच्या चाकांकडे जाणारी ताकद हळूहळू वाढते. २०१८ मध्ये सादर झालेल्या पोर्श ९११ च्या ९९२ पिढीत पुढच्या चाकांच्या कमानीत ध्वनिसंवेदक बसवले आहेत. चाकांनी उडवलेल्या पाण्याच्या आवाजावरून ते ओला रस्ता ओळखतात आणि चालकाला सूचना देतात. मोड बदलण्याचे काम मात्र चालकालाच करावे लागते. वेट मोड नसेल, तर कम्फर्ट ठेवून एक गिअर वर चालवावे आणि स्थैर्य-यंत्रणा पूर्ण सुरू असल्याची खात्री करावी.

तथापि कोणताही मोड टायरची पकड वाढवत नाही. असलेली पकड जपून वापरायला तो मदत करतो. स्पोर्ट्‌स कारचे टायर रुंद असतात आणि रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगू लागतो. कायद्याने टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल असाव्या लागतात, पण कोकणातल्या पावसासाठी ३ मिलिमीटरच्या खाली आलेला टायर मी मृगाआधीच बदलतो. वेगाच्या बाबतीत एवढे ध्यानात ठेवावे की ताशी ६० वरून ८० किलोमीटरवर गेल्यास, ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर पावणेदोन पटींहून अधिक होते.

पावसात इको टाळण्याचे आणखी एक कारण आहे. या मोडमध्ये बऱ्याच गाड्यांचा एसी मंदावतो, आतील हवेतला दमटपणा कमी होत नाही आणि काचा धूसर होतात. इको ठेवायचाच असेल, तर तो हिवाळ्यात, कोरड्या सपाट रस्त्यावर, एसीची फारशी गरज नसताना ठेवावा.

ट्रॅक किंवा रेस मोडविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे: त्यात स्थैर्य-यंत्रणा बरीच सैल होते किंवा बंद पडते, आणि गुरे, सायकली व चिऱ्यांचे ट्रक ज्यावरून जातात अशा सार्वजनिक रस्त्यावर तो वापरू नये.

शेवटी फेरीबोट. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ येथे सुकतीच्या वेळी पाणी खाली गेल्याने बोटीची फळी आणि जेटी यांच्यामधला कोन तीव्र होतो आणि पुढचा बंपर घासतो. पुढची बाजू उचलण्याची सोय असेल, तर ती फळीवर चढण्याआधीच वापरावी. ती फक्त कमी वेगात चालते आणि वर येण्यास काही सेकंद घेते. ती नसेल, तर भरतीची वेळ पाहून निघावे. चढता-उतरताना कम्फर्ट वा वेट मोड ठेवावा, म्हणजे ओल्या लोखंडावर चाक फिरत राहणार नाही. बोटीत इंजिन बंद करून हँडब्रेक लावावा. बऱ्याच गाड्या पुन्हा सुरू केल्यावर आपोआप कम्फर्टवर येतात आणि पावसासाठी लावलेला वेट मोड निघून जातो. तेव्हा पैलतीरी उतरताना इंजिन सुरू होताच स्क्रीनवर मोड पाहावा, हवा तो लावावा आणि मगच जेटीचा चढ चढावा.