नर्सना ‘जायचंय का?’ विचारताना या चुका टाळा

नोकरी सोडण्याची इच्छा मोजणं वरवर सोपं दिसतं. पाच-सहा विधानं, ‘अजिबात असहमत’पासून ‘पूर्ण सहमत’पर्यंतचे पर्याय, बेरीज केली की झालं. पण मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या तालुक्यांत हा फॉर्म वाटला की आकडा फुगून येतो आणि अहवालात लिहिलं जातं, ‘बहुतेक नर्स नोकरी सोडण्याच्या तयारीत’. त्यातल्या बऱ्याच जणींना नोकरी हवीच असते, नको असतं ते ठिकाण.

समजा, एटापल्लीकडच्या ग्रामीण रुग्णालयात एक अधिपरिचारिका आहे. नवरा नागपुरात, मुलगी दहावीला. ‘इथून जाण्याचा विचार माझ्या मनात वारंवार येतो’ या विधानावर ती पूर्ण सहमत असणारच. राजीनामा देणार का? छे! तिचा पती-पत्नी एकत्रीकरणाचा अर्ज पडून आहे, ती बदलीच्या आदेशाची वाट बघतेय. तिच्या शेजारी राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी सिस्टर. तिला जायचं नाही, पण पुढची ऑर्डर मिळेल का, हा घोर आहे, म्हणून ती सरळसेवा भरतीचे अर्ज भरत असते. तिसरीला नर्सिंगचाच वीट आलाय. तिघींची बेरीज सारखी येते. म्हणून तीन प्रश्न वेगळे ठेवा: हे ठिकाण सोडायचंय, ही नोकरी सोडायचीय, की हा पेशाच? सोबत मुदत द्या, ‘येत्या वर्षभरात’. कंत्राटी आणि नियमित यांचे तक्ते स्वतंत्र करा. एवढं केलं तरी अर्धा गोंधळ निस्तरतो.

दुसरी चूक फॉर्म वाटण्यातली. गठ्ठा इन्चार्ज सिस्टरकडे द्यायचा आणि संध्याकाळी त्यांच्याच टेबलावरून उचलायचा, ही सर्रास पद्धत. नाइट संपवून बससाठी निघालेली नर्स विचारते, ‘‘मॅडम, नाव लिहा लागते का?’’ नाही म्हटलं तरी खाली वय, शिक्षण, अनुभव, मूळ जिल्हा भरायचाच असतो. आठ-नऊ नर्सच्या रुग्णालयात ‘वय ३४, जीएनएम, मूळ वर्धा’ म्हणजे नावच की. मग सगळ्या ‘तटस्थ’वर टिक करतात. वय गटात विचारा, मूळ जिल्हा गाळा, बंद पाकीट द्या आणि फॉर्म स्वतः गोळा करा.

मे महिन्यात फॉर्म वाटू नका. बदल्यांच्या मोसमात प्रत्येकीचं मन बॅग भरून बसलेलं असतं.

कोण सुटलं, हेही बघा. दीर्घ रजेवर, बालसंगोपन रजेवर, प्रतिनियुक्तीवर असलेल्या नर्स त्या दिवशी वॉर्डात सापडत नाहीत, आणि जाण्याची शक्यता त्यांच्यातच जास्त असू शकते. आस्थापनेकडून, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या शाखेकडून, मंजूर, भरलेली आणि प्रत्यक्ष हजर पदं घ्या. पगार एका केंद्रातून आणि काम दुसऱ्याच रुग्णालयात, अशी सिस्टर कुठे मोजायची ते आधीच ठरवा.

आता आकडेमोड. क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे फॉर्ममधली विधानं एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा, फारच कमी किंवा उणे आला, तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी उलटी विधानं तपासा, म्हणजे ज्यांवर ‘सहमत’चा अर्थ ‘राहायचंय’ असा होतो ती. नोकरी सोडण्याची शक्यता मोजणाऱ्या हिनशॉ आणि अॅटवुड यांच्या १२ विधानांच्या, सात पर्यायांच्या मापनश्रेणीत काही विधानं उलट्या दिशेची आहेत. त्यांचे गुण उलटवायचे राहिले की सगळं एकमेकांना खाऊन टाकतं. नुसती सरासरीही देऊ नका. पाच पर्यायांच्या फॉर्मात निम्म्या जणी १ वर आणि निम्म्या ५ वर असल्या तरी सरासरी ३ येते आणि वाचणाऱ्याला वाटतं, सगळं ठीकठाक आहे. कोणत्या पर्यायावर किती जणी, हे मांडा.

शेवटचं, इच्छेला गळती समजू नका. जाते म्हणणाऱ्या सगळ्या जात नाहीत, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. वर्षभरानंतर आस्थापनेतून राजीनामे आणि बदलीने कार्यमुक्त झालेल्यांची संख्या वेगवेगळी मागवा आणि रुग्णालयनिहाय उत्तरांशेजारी ठेवा. दोन्ही एकाच रकान्यात मिळाली, तर परत पाठवून वेगळी करून घ्या.